आखाजीच्या नदीवर मला वाचा फुटली

बायांनो, अशा लांब-लांब काय बसलात? या, इकडं सरका, पाय पसरून बसा. मला आज तुमच्याशी थोडं भांडायचंय.

मी सटाण्याकडून आले म्हटलं, की तुम्ही पहिलं काय विचारता? "तिकडं ते 'आहे'ला शे-शे म्हणतात ना?" आणि तोंडाला पदर लावून खी-खी हसता. अगं, तुमच्यातली एक तरी आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातून त्या बाजूच्या एसटीत चढली आहे का कधी? मुंबईला लग्नाला जाता, शिर्डीला जाता, वणीच्या पायऱ्या चढता. आणि आपल्याच जिल्ह्यात एक वेगळी भाषा चांगली नांदते आहे, तिच्या दारात मात्र कुणी पाऊल टाकत नाही. मी टाकलं. नुसती जाऊन नाही आले, राहून आले, बोलून आले. आणि मी फुलं बांधलेल्या रद्दीवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली बाई, तेव्हा लिहिण्यात चुका असतील त्या पोटात घाला. सांगण्यात चूक नाही करायची मी.

द्वारका सोडताना

माझी मंगल सटाण्याकडं, बागलाणात दिलेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर सुरतेला गेली. पहिलं बाळंतपण इथं आमच्या भाजी-फुलांच्या मळ्यावरच झालं, पण सोनी तीन महिन्यांची झाली आणि तिला घेऊन गेले ते गेलेच. मधल्या काळात नात मला दिसली ती फोटोत, नाहीतर लग्नाकार्यात घाईघाईनं. मग सुरतेतलं काम सुटलं, जावई गावी परतले, कांद्या-डाळिंबाच्या शेतीत पडले. घरात फोन कुठला असायला? गावातल्या एसटीडीवरून मंगलचा फोन आला. "आई, दुसऱ्या वेळचं अवघड दिसतंय. डॉक्टरीणबाई म्हणते प्रवास नको, पडून राहा. मला येता येणार नाही. तूच ये."

लेकीनं माहेरी यायचं, ते इथं माहेरानंच लेकीकडं निघायचं! आमचे हे म्हणाले, "मळा मी बघतो, तू जा." मी लगेच बोचकं बांधलं. मनात एकच होतं, खरं सांगते. लेकीचं तर करायचंच होतं, पण ती पाचेक वर्षांची नात माझ्या मांडीवर येऊन बसली पाहिजे. तिनं मला आजी म्हणून हाक मारली पाहिजे. माणसाला म्हातारपणी आणखी काय लागतं?

मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून मी दोन पिशव्या भरल्या. एकीत फ्लॉवर, कोथिंबीर आणि शेवंतीच्या वेण्या. दुसरीत आमच्या मळ्यातले निवडक कांदे. हो, कांदे! देवळ्याच्या पुढं एसटी लागली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघते तर काय, कांदा, कांदा आणि कांदाच. चाळी भरलेल्या, ट्रॅक्टर भरलेले, अंगणात पसरलेले. शेजारची बाई माझ्या पिशवीकडं बघून गालात हसत होती. मला वाटलं, उतरताना ही पिशवी एसटीतच विसरावी. पण कंडक्टर भला माणूस, मागून ओरडला, "मावशी, तुमचे कांदे राहिले!"

खाटेवरची पाहुणी

दारात विहीणबाई उभ्या होत्या, जिजाबाई. उंचपुऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माझ्या पायांवर पाणी घातलं, कांद्यांची पिशवी हातात घेतली, आत डोकावून बघितलं. मी मेल्याहून मेले. पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छान आहेत. बसावे आपण."

बसावे आपण! जशी काही मी तहसीलदारीणबाई. आणि मला बसवलं ते ओट्यावरच्या खाटेवर, वर नवी चादर. चहा खाटेवर, जेवण खाटेवर. भांडं विसळायला उठले की, "राहू द्यावे." लसूण सोलायला घेतला की ताट हातातून काढून घेतलं, "राहू द्यावे." आपल्याकडं विहीण मुक्कामाला आली की दुसऱ्या दिवशी तिच्या पुढ्यात मेथीची जुडी पडते. तिथं पाहुण्या विहिणीनं पाण्याच्या हंड्याला हात लावला तर यजमानीण लाजेनं जमिनीत जाईल, अशी रीत.

आणि सोनी? दाराच्या फळीमागून एक डोळा दिसायचा. मी म्हटलं, "ये गं बाळा, आजीकडं ये, खाऊ देते." तो डोळा तसाच. मग ती पळत आईच्या उशाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "माय वं, ती नाशिकनी बाई काय सांगी राहिनी?"

नाशिकनी बाई. माझी नात मला नाशिकनी बाई म्हणाली. मंगलनं तिला दटावलं, पण दटावून का कुठं नातं जडतं? ती पोर सुरतेला काय आणि गावात काय, अहिराणीतच वाढलेली. माझं बोलणं तिला रेडिओवरच्या बातम्यांसारखं लागत होतं.

मला बाजारात तुम्ही ओळखता. भाजी विकताना मी कुणाची ऐकून घेत नाही. भाव करणाऱ्याची तीन पिढ्यांची हजेरी घेते आणि वर कोथिंबिरीची काडी फुकट देते. माझं सगळं दुकान जिभेवर. ती जीभ तिथं सुकलेल्या शेंगेसारखी तोंडात पडून होती. घरात दिवसभर बोलणं चालायचं, हसणं चालायचं, मी ओट्यावर आले की सगळे गप्प आणि मग जिजाबाईंचं ते पुस्तकी, "झोप लागली का आपल्याला?"

मंगलला विचारलं, "तुझी सासू एवढी मोजून-मापून का बोलते? स्वभावच आहे का?"

मंगल पोट धरून हसली. "आई, हिच्या जिभेला आख्खं गाव भितं. पण तुमच्या नाशिकच्या माणसांपुढं नाही बोलायची. माझ्या लग्नात मांडवात कुणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली होती, तुला ठाऊकही नसेल. तेव्हापासून नाशिकचं माणूस दिसलं की ती शाळेतलं मराठी काढते."

म्हणजे बघा. दोन बोलक्या बाया, एका ओट्यावर, आणि दोघी एकमेकींपुढं मुक्या!

म्हैस, माझी पहिली श्रोती

मी ठरवलं, ही भाषा शिकायची. मंगल पडल्या-पडल्या सांगायची, मी घोकायची. मना म्हणजे माझा, तुना म्हणजे तुझा. आठे म्हणजे इथं, तठे म्हणजे तिथं. ऊनी म्हणजे आली. पण माणसांपुढं तोंड उघडायची लाज. मग मी गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलायला लागले. म्हैस हसत नाही, हा तिचा मोठा गुण.

पहिले काही दिवस माझा समज असा, की आपल्याच बोलण्याच्या शेवटी शे लावलं की झालं. म्हशीपुढं घमेलं ठेवून म्हटलं, "पाणी आणलं शे. पिऊन घे शे."

कुडाच्या मागून आवाज आला, "तशी नही वं! पानी पी ले, म्हन!"

सोनी! मी मान वळवली नाही. वळवली असती तर पाखरू उडालं असतं. म्हशीलाच म्हटलं, "पानी पी ले."

"हां. आते म्हन, चारा खाई ले."

"चारा खाई ले."

"बठ."

"बठ," मी म्हटलं, आणि काय सांगू, ती म्हैस खरंच बसली! कुडामागं टाळ्या वाजल्या.

त्या दिवसापासून आमची शाळा भरायला लागली. मास्तरीण कुडाच्या पलीकडं, मी अलीकडं. हळूहळू ती कुडाच्या अलीकडं आली. चुकलं की कपाळाला हात लावायची, अगदी म्हाताऱ्या बाईसारखी. "कितली येडी शे!" म्हणायची. पण हाक तीच. "ए नाशिकनी बाई, आते कोंबडीसंगे बोल." मी कोंबडीशी बोलायची. मांडीवर काही ती अजून आली नव्हती.

खापरावरची फजिती

इतक्यात आखाजी जवळ आली. आपण अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरतो, आमरस-पोळी खातो, झोपतो. तिकडं हा सण म्हणजे लेकीबाळींची दिवाळी. सासरी गेलेल्या पोरी परत येतात, लिंबाच्या झाडांना झोके बांधतात, घराघरांत गौराई बसलेली असते, तिची गाणी रोज संध्याकाळी चालतात. गल्लीत हसण्याशिवाय दुसरा आवाज नाही. आणि लेकी आल्या म्हणजे खापराची पुरणपोळी आलीच. तिला ते मांडे म्हणतात.

बायांनो, ही पोळी लाटत नाहीत. पोळपाट नाही, लाटणं नाही. सैल कणकेच्या गोळ्यात मूठभर पुरण भरायचं, तो दोन्ही हातांवर घ्यायचा आणि हवेत झुलवत, मनगटावरून कोपरापर्यंत वाढवत न्यायचा. ओढणीएवढी झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. जिजाबाई करायच्या तेव्हा वाटायचं, हवेलाच पीठ लागलंय. आमरसात बुडवून तो मांडा तोंडात घातला की विरघळतो, चावायचं कामच नाही. वर तळलेली कुरडई. मी तीन खाल्ले आणि खाटेवर आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी जिजाबाई पाण्याला गेलेल्या बघून मी चुलीपाशी शिरले. गोळा घेतला, झुलवला, मनगटावर आला, कोपरावर आला, मला वाटलं जमलं! आणि तो घसरून माझ्या डोक्यावर पदरासारखा बसला. कानावरून पुरण ओघळतंय आणि दारात जिजाबाई हंडा घेऊन उभ्या. त्यांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, अगदी झणझणीत, मला दिसलं. पण गिळलं त्यांनी. म्हणाल्या, "असू द्यावे. आपण पाहुण्या."

सांगते, त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांच्या गळ्यात पडले असते.

नदीवर

गौराई बोळवायच्या दिवशी सगळं गाव नदीवर निघालं. वैशाखातली नदी, वाळूच जास्त, मधून पाण्याची एक धार. या काठाला आमचं गाव, त्या काठाला पलीकडचं. आणि आता तिथली रीत ऐका, आपल्याकडं हे कुठंच नाही. गौराई पाण्यात सोडायच्या आधी दोन काठांवरच्या बाया एकमेकींना शिव्या देतात. गाण्यातून देतात, ओरडून देतात, हातवारे करून देतात. ज्या गावाच्या बाया आधी गप्प पडल्या, ते गाव हरलं. राग धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटल्या की हसून बोलायचं. फक्त एक नियम, बोलायचं ते गावच्या लेकी-सुनांनी. पाहुणीनं बघायचं.

मंगलजवळ शेजारीण बसली होती, म्हणून मीही गेले. मला एका दगडावर बसवलं, अर्थात वर सतरंजी. सोनी पोरींच्या घोळक्यात पुढं.

काय ते शब्द, काय तो जोर! आमच्याकडून जिजाबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि पुस्तकी मराठीतली ती बाई कुठल्या कुठं गेली. तोंडातून नुसत्या ठिणग्या! मला निम्मंच कळत होतं, पण निम्म्यानंही पोट दुखायला लागलं. पलीकडं त्यांच्या तोडीची एक जाडजूड बाई होती, जांभळं लुगडं नेसलेली. दोघींची बराच वेळ जुंपली. मग जिजाबाईंना ठसका लागला. उन्हाचा असेल, ओरडण्याचा असेल. खोकू लागल्या, आवाज बसला. आमच्या तरुण पोरी एकमेकींना ढकलायला लागल्या, "तू बोल, तू बोल."

जांभळीनं ते हेरलं. आणि तिची नजर फिरत-फिरत माझ्या सतरंजीवर आली.

"ए! ती कोन बठेल शे वं, गोनीनामायेक? नाशिकतून मुकी बाई आनी का तुम्ही? तुमना गावन्या जिभा सडी ग्यात, म्हनीसन!"

मी म्हणे पोत्यासारखी बसलेली! पलीकडचा सगळा काठ हसला.  मी पायाखालची वाळू बघत बसले. पाहुणी मी, काय बोलणार?

आणि तेवढ्यात पोरींच्या घोळक्यातून एक बारीक, चिरका आवाज गेला. पार त्या काठापर्यंत गेला.

"ए! ती मुकी नही शे! ती मनी आजलमाय शे! तिले बोलता येस!"

आजलमाय म्हणजे आईची आई. सोनी पाण्यात गुडघाभर उतरली होती, दोन्ही मुठी आवळलेल्या. मग ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत नुसता राग नव्हता, धाकधूकही होती. तिनं दोन गावांपुढं शब्द टाकला होता आणि आता तो खरा करणं माझ्या हातात होतं. ओरडली, "बोल ना वं, आजलमाय!"

बायांनो, मग मी दगडावर थोडीच बसते! उठले. पदर खोचला. समोर नदी नव्हतीच, भाजीबाजार होता, आणि ती जांभळी बाई म्हणजे सकाळपासून न खपलेला माल. बाजारातला माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. तोच काढला.

"ए जांभळं वांगं! तुना देठ बी सुकी गया, तरी भाव कसाले खास वं? मना नाशिकमा तुनासारखं वांगं ढोरेस्ले टाकतात शे!"

 आधी आमच्या बाया हसत सुटल्या, मग पलीकडच्या. कुणी वाळूत बसल्या, कुणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. "टाकतात शे! टाकतात शे!" करून पोरी नाचायला लागल्या. माझं चुकलं होतं, हो. पण ढोरांपर्यंत वांगं पोचलं होतं ना!

जांभळी स्वतः पोट धरून हसत होती. "माय वं, मुकी बोलनी!" पण कसलेली बाई, लगेच कमरेवर हात ठेवले. "हाई चालाव नही! पाहुनी शे ती! पाहुनीले बोलाना हक्क नही!"

आमच्या बाया बावरल्या. नियम तर खराच होता. सगळ्यांनी जिजाबाईंकडं बघितलं. त्या खोकला आवरत पुढं आल्या, माझं मनगट धरलं, असं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. आणि बसलेल्या घशानं, पण साऱ्या नदीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"पाहुनी कोन शे वं? हाई मना घरनी शे!"

मग काय विचारता! मला जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे मी त्या काठावर फेकले. म्हशीला शिकवलेले, कोंबडीला शिकवलेले, सगळे. अडलं की सोनी खालून पुरवायची आणि मी वरून ओरडायची. तिला एवढ्या शिव्या कुठून येत होत्या ते तिच्या आजीला विचारा, म्हणजे दुसऱ्या आजीला. शेवटी पलीकडच्या बायांना हसून-हसून बोलताच येईना. त्या गप्प पडल्या. आम्ही जिंकलो! गौराया पाण्यात सोडल्या, आणि परतताना सोनी चालायलाच तयार नाही. हात वर करून उभी. "आजलमाय, उचल." एवढी मोठी घोडी, पण मी उचलली. माझ्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

घरची

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं खाटेवर चहाची वाट बघत बसले. चहा येईना. आतून आरोळी आली, "बठी काय राहिनी वं? ऊठ! कनिक कोन तुना बाप मळी का?"

मी आत गेले तर चुलीपुढं दुसरा पाट मांडलेला. त्या दिवशी जिजाबाईंनी मला मांडा शिकवताना जे काही ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी मळ्यातल्या माझ्या मराठीत उलट ऐकवलं. त्यांनी नाशिकची भाषा ऐकली, मी बागलाणची, आणि दोघी एकमेकींची नक्कल करून हसत सुटलो. माझा मांडा फाटका निघाला, पण खापरावर पडला, डोक्यावर नाही.

सटाण्याच्या बाजारात ती जांभळी भेटली. लांबूनच हात हलवून ओरडली, "ए नाशिकनी! वांगं लेस का?" मला तिनं जवळ बसवून उसाचा रस पाजला. असा तो राग, असा तो लोभ.

पुढं मंगल सुखरूप बाळंत झाली. दुसरीही मुलगीच. जिजाबाईंनी गल्लीभर गूळ वाटला, म्हणाल्या, आता नदीवर आपल्या बाजूला एक जीभ वाढली. सोनीनं बहिणीला माझ्या मांडीवर ठेवायला लावलं आणि स्वतःही उरलेल्या जागेत घुसून बसली. बाळाला बजावून सांगत होती, "दख, हाई आपली आजलमाय शे. तिले थोडं थोडं बोलता येस. मी शिकाडं."

आता मी परत आले आहे. तुम्ही म्हणता, माझ्या बोलण्यात मधेच भलतं काही येतं, माझी भाषा बिघडली. बिघडली कशी? घराला एक दार होतं, आता दोन झाली. द्वारकेला डाळिंबं घेऊन उतरणाऱ्या बागलाणच्या बाया भाव सांगताना अवघडलेल्या असतात ना, त्यांच्याशी मी त्यांच्या भाषेत बोलते, तेव्हा त्यांचे चेहरे कसे उजळतात ते एकदा येऊन बघा.

आणि हो, सोनी आली आहे मळ्यावर, सुट्टीभर आहे. जिजाबाईही तिला सोडायला म्हणून आल्यात, मंगलच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. मी त्यांना खाटेवर बसू दिलेलं नाही, सकाळपासून मेथी निवडायला लावली आहे. ओट्यावर त्यांची जीभ अशी चालली आहे की शेजारचे मळेवाले काम टाकून ऐकायला येतात. तुम्हीही या. उगाच पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, पोरीची शाळा उघडेल. हसायचं ते त्यांच्यासोबत हसा, आणि सोनीपुढं दोन शब्द तरी चुकीचे बोला, तिला सुधारायला फार आवडतं. कधी येता? इथं बसायला जागा काही कमी नाही, आठे बठाले गंज जागा शे. लवकर या.